गल्ला रोज बराबर कसा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. फक्त खरं लिहिणार. प्रकरण गंभीर आहे.

अण्णासाहेबांच्या मार्टात मी अकरा वर्षं गल्ल्यावर होतो. अख्खं भोकरदन मला ओळखतं. दिवाळीच्या पाडव्याला नवा कॉम्प्युटर आला, बारकोडचं मशीन आलं आणि धावडा गावची प्रियदर्शनी आली. बी.कॉम. वय बावीस. ती गल्ल्यावर, मी डाळी-तांदळाच्या रॅकवर. अण्णासाहेब म्हणले, कल्याणराव, तुमच्या डोळ्यांना स्क्रीनचा त्रास नको. माझे डोळे ठणठणीत आहेत.

तिला फिरती खुर्ची दिली. मी होतो तेव्हा स्टूल होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गल्ला आजही बराबर. चौदा दिवस झाले, एक रुपया इकडं न्हाई की तिकडं न्हाई. अण्णासाहेब गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत फिरून राह्यलेत.

अकरा वर्षांत माझा गल्ला एक दिवस जुळला न्हाई. कधी वीस कमी, कधी दहा जास्त. प्रामाणिक माणसाचं असंच असतं, सुट्टे देताना हात चुकतो. ज्याचा रोज जुळतो तो मागून काहीतरी जुळवतो. एवढं कळायला बी.कॉम. लागत न्हाई.

पोरगी चोर आहे. महिन्याच्या आत पकडायची. मंग खुर्ची माझी.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ९

दिवसभर नजर ठेवली. दोन पोती तूरडाळ भरायची राह्यली.

या धंद्यातल्या सगळ्या युक्त्या मला माहिती आहेत. गिऱ्हाईक बिल न घेता गेलं की बिल कॅन्सल करायचं आन् पैसे उचलायचे. ओळखीच्या बाईच्या पिशवीत तुपाचा डबा टाकायचा, मशीनला काड्यापेटी दाखवायची. न्हाईतर बिल न करताच ड्रॉवर उघडायचा.

तिनं यातलं काहीच केलं न्हाई. म्हंजे चौथी युक्ती आहे. मला अकरा वर्षांत न सुचलेली. जेवण गेलं न्हाई.

(मी कधीमधी बिल कॅन्सल करायचो ते वेगळं. ते चहापाणी. पगार वेळेवर वाढवला असता तर केलंच नसतं. आता कॅन्सल केलं की अण्णासाहेबांच्या मोबाइलवर मेसेज जातो. मशिनी आल्या आन् माणसावरचा विश्वास गेला.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग केला. दुपारी ती डबा खायला गेल्ती. अण्णासाहेब म्हणले, पाच मिनिटं गल्ल्यावर बसा. बसलो. खुर्ची चांगलीच मऊ आहे. शंभराची एक नोट खिशात घातली. ही चोरी न्हाई, तपासणी आहे. घरी पाकिटात ठेवली, पाकिटावर ‘पुरावा’ लिहिलं.

रात्री ८.३०. गल्ला बराबर.

शंभर गेले तरी बराबर. म्हंजे तिच्याकडं वरचा पैसा साठलेला आहे, त्यातून भरती करून राह्यली. सापडली.

८ नोव्हेंबर, शनिवार. चतुर्थी

आज डब्याच्या वेळी परत गल्ल्यावर बसवलं, दोनशे उचलले. बराबर.

रात्री दुकान सुटल्यावर बायकोला, सुरेखाला, घेऊन राजूरच्या गणपतीला गेल्तो. जवळ सुट्टे नव्हते, पुराव्यातले शंभर नारळ-पेढ्यात गेले. देवाचंच काम आहे. पगार झाला की पाकिटात परत टाकणार. गणपतीला सांगितलं, सत्य बाहेर येऊ दे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीनशे. बराबर. पोरीच्या तोंडावर रेषा हालली न्हाई. तीनदा मोजलं, पाणी पिली, हिशोब देऊन मोकळी.

काय हात आहे. मी अकरा वर्षांत साठ-सत्तरच्या वर कधी गेलो न्हाई आन् ही कालची पोरगी तीनशे पचवून राह्यली. रात्रभर पोटात आग. सुरेखा म्हणली ॲसिडिटी आहे, जिरं खा. जिऱ्यानं जाणारी आग न्हाई ही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचशे. बराबर.

तिच्या वागण्यातही फरक पडला. कानातल्या रिंगा दिसत न्हाईत. चहा बंद केला. डब्यात नुसती पोळी अन् चटणी. चोरी करणारे असंच गरिबीचं सोंग घेतात. गिऱ्हाईक बायांना मात्र तिचाच पुळका. एकीनं आज शेतातली सीताफळं आणून दिली. मला अकरा वर्षांत कोणी पेरू दिला न्हाई.

पुराव्यातून चपला घेतल्या. रॅकवर उभं राहून तपास करायचा तर पाय नीट पाहिजेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रियदर्शनी आज स्वतःहून रॅकपाशी आली. म्हणली, काका, तुम्ही एवढी वर्षं गल्ला पाह्यला, कधी पैसे कमी आले तर काय करायचे तुम्ही. मला खोदून विचारून राह्यली. मी कच्चा न्हाई. म्हणलो, ध्यान असलं तर पैसे कमी येतच न्हाईत. ती मान खाली घालून गेली. बराबर बसला बाण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाचशे. बराबर. पावणे आल्ते, पुराव्यातून मटण आणलं. पगारातून परत टाकणारच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पाचशे. बराबर. बास झालं. रात्री कॅलेंडरच्या पाठीमागं चांगल्या अक्षरात तक्ता केला. तारीख, उचललेली रक्कम, शेरा: ‘तरी गल्ला बराबर’. सहा ओळी, एकूण एकवीसशे. एवढा पक्का पुरावा पोलिसांनाही जमत न्हाई. उद्या अण्णासाहेबांच्या हातात ठेवणार. उद्या रात्री इथं लिहीन तो गल्ल्यावरचा कल्याणराव असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी २

सकाळी तक्ता दिला. अण्णासाहेबांनी दोनदा वाचला. विचारलं, हे पैसे तुम्ही उचलले. मी म्हणलो, हो, मी एकट्यानं, कोणाची मदत घेतली न्हाई. विचारलं, कुठं आहेत. मी सांगितलं, पुरावा थोडा खर्च झाला.

मंग त्यांनी प्रियदर्शनीला हाक मारली. तिनं तक्ता पाह्यला. पर्समधून एक छोटी वही काढली. वहीत त्याच सहा तारखा, तेच आकडे. पुढं लिहिलेलं, ‘माझ्या चुकीनं कमी, भरले’.

वरचा पैसा वगैरे काही नव्हता. तिला वाटून राह्यलं होतं की सुट्टे देताना आपलाच हात चुकतो. नोकरी जाईल म्हणून रोज स्वतःचे पैसे टाकायची. आधी पगारातले, मंग रिंगा सोनाराकडं ठेवल्या. घरी सांगितलं, हरवल्या. आईनं दोन दिवस धावड्याच्या स्टँडवर शोधल्या म्हणे.

अण्णासाहेबांनी आवाज चढवला न्हाई. एकवीसशे माझ्या पगारातून कापून तिच्या हातात दिले. राह्यलेला पगार मला दिला आणि म्हणले, कल्याणराव, उद्यापासून येऊ नका. मी सांगायचा प्रयत्न केला की तपासणीचा हेतू चांगला होता. त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली.

मला वाटलं, पोरगी आता शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, काका, म्हंजे माझं मोजणं चुकत नव्हतं ना.

मी म्हणलो, न्हाई.

ती रडली. मंग डोळे पुसून हसली आन् खुर्चीवर जाऊन बसली. अण्णासाहेब तिला म्हणले, पोरी, तुझ्यासारखं मोजणारं मला दुकानात कोणी भेटलं न्हाई. माझ्यासमोर म्हणले. दोनदा.

आत्ता घरी आलो. सुरेखा विचारून राह्यली, आज दुपारीच कसे आलात. म्हणलो, गल्ला जल्दी जुळला.