तळ्यापलीकडचा शेजार

४ मे, सकाळ
आज निघालो. एकटा. दोन दिवस नदीकाठी, मग तळ्याकाठी, एकूण आठ दिवस. अट माझीच: कुणाकडे काहीही मागायचं नाही. जमलं तर पुढल्या वर्षीपासून घरच्या सुट्टीचा बेत मी आखणार. नाही जमलं तर जन्मभर मेहुण्याच्या मागे मुकाट्याने चालायचं. हा मेहुणा दर वर्षी अख्ख्या खानदानाला तंबूत कोंबतो, स्वतः गाणी म्हणतो आणि मला भांडी घासायला बसवतो. पर्चेस खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला!
बायको म्हणाली, सामान एकदा बघून घेऊ का. मी म्हटलं, हात लावू नकोस.
मी नसलो की घर खायला उठेल त्यांना. मग कळेल.

४ मे, संध्याकाळ
नदी घाणेरडी. पाणी स्वच्छ आहे, पण काठावर चिखल, चिखलात शेवाळ, शेवाळात माझा बूट. काढला तेव्हा जो आवाज आला तो लिहवत नाही.
तंबू उभा राहिला. डावीकडे झुकलाय. मुद्दामच तसा ठेवलाय, वाऱ्यासाठी.
चष्मा घरी फ्रिजवर राहिला. निसर्ग बघायला चष्मा कशाला?
शेगडी आहे, गॅसचा डबा नाही. दुकानदाराने दिलाच नसणार. गेल्यावर बघतो त्याच्याकडे. जेवण: बिस्किटं.

५ मे
संडासाबद्दल लिहिणार नव्हतो. पण शी! दाराला कडी नाही. आत बेडूक. मी खाकरलो, पाय आपटले, तो ढिम्म. शेवटी दोघांनी सांभाळून घेतलं.
तंबूत पाणी शिरलं. उतारावर तंबू ठोकू नये हे मला माहीत होतं, पण तिथे सावली होती. मोजे ओले, बिस्किटं ओली. दोन्हींना एकच वास. तरी खाल्ली. बिस्किटं.
घरून फोन नाही. रेंज भरपूर आहे, चारदा बघितली.

६ मे
तळ्यावर आलो. इथली व्यवस्था एका बाईंकडे आहे. त्या जागा देतात, नळ उघडतात, तक्रारी घेतात. मला काका म्हणाल्या. स्वतः पन्नाशीच्या पुढच्या असतील. मी बावन्न.
म्हणाल्या, काका, काही हवंय का? घरी काही राहिलं-बिहिलंय का? मी म्हटलं, माझं काही राहत नसतं. जाताजाता पुन्हा विचारलं. भोचक बाई.
बदकं लांबून बरी दिसतात. जवळ येऊन तंबूवर जे करून जातात ते बोटभर जाड असतं आणि वाळत नाही. पानाने पुसायला गेलो, आणखी पसरलं.
समोरच्या काठावर एक कुटुंब उतरलंय. मला नुसते रंगीत ठिपके दिसतात, पण आवाज कानात बसल्यासारखा. एक जण भसाड्या गळ्याने गातो आणि बाकीचे खिदळतात. गाडी लालभडक, मेहुण्याच्या गाडीसारखी. असल्या लोकांची आवडही एकच.
दुपारी बाई डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, जास्तीचं होतं, गरम आहे तोवर खा. मी मागितलं नव्हतं, म्हणजे अट मोडत नाही. भात, अंडी, बटाटे. मीठ कमी! घरी बीपीच्या नावाखाली बायकोने मीठ तोडलंय, आता ही बाईसुद्धा. झाकणाला पोचा, थेट आमच्या डब्यासारखा. हा मालच कच्चा. माझ्या हातात असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता.

७ मे
डबा दोन्ही वेळा आला. बाईंवर माझी छाप पडलेली दिसते. मीठ कमीच.
समोर गोंधळ चालूच. त्यांच्यात एक बाई आहे, मोठ्याने हसते. आमची पूर्वी अशी हसायची. हल्ली घरात तिला हसताना बघितलेलं आठवत नाही. या बाईचा नवरा नशीबवान, पण त्याने तिला जरा आवरावं.
तक्रार नोंदवली. इथला नियम झकास आहे: दोन तक्रारी आल्या की जागा खाली करायची. बाईंनी चेहरा पाडून लिहून घेतली.
घरून फोन नाही. माझ्याशिवाय इतके गांगरले असतील की फोन करायचंही सुचत नसेल.

८ मे
आज भसाड्याने पोरांना घेऊन कोरस काढला. अंगाचा तिळपापड झाला. गेलो, दुसरी तक्रार केली. बाई म्हणाल्या, काका, एकदा विचार करा, भली माणसं आहेत. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यांनी हात टेकले.
चहाच्या वेळेला ठिपके गाडीत बसले आणि गाडी गेली.
शांतता. विजय. माणसाने कणा दाखवायला हवा.
संध्याकाळचा डबा यायला उशीर झालाय.

९ मे
डबा आलाच नाही. आजही नाही.
शांतता जरा जास्तच आहे. बदकंही पलीकडे गेली, तिथे काही सांडलेलं असेल. घरून आणलेल्या बटाट्यांतला एक कच्चाच खाल्ला. तोंडात माती आणि खळ. किळस आली. बटाट्याची, तंबूची, मोज्यांची, आरशात बघितलं तेव्हा माझीसुद्धा.
तो गात होता तेव्हा निदान वेळ तरी जायचा.

१० मे, सकाळ
बाईंच्या ऑफिसात गेलो. मागायला नव्हे, सहज चौकशी करायला. म्हटलं, हल्ली तुमच्याकडे जास्तीचं उरत नाही वाटतं.
बाई म्हणाल्या, माझ्याकडे कुठलं उरतंय, मी दोन वेळा पाव खाऊन राहते. डबा समोरून यायचा. त्यांना तुम्ही घालवलंत.
मग टेबलाखालून एक पिशवी काढली. म्हणाल्या, त्या ताईंनी पहिल्याच दिवशी आणून ठेवली होती. पण बजावून गेल्या, त्यांनी मागितलं तरच द्या, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.
पिशवीत गॅसचा डबा होता. आणि माझा चष्मा.
चष्मा लावून बाहेर आलो. समोरचा काठ स्वच्छ दिसत होता. तिथे कोणी नव्हतं.

१० मे, घरी
एक दिवस आधीच आलो. धाकट्या लेकीने नाक दाबून बूट बाहेर ठेवायला सांगितले. मेहुणा सोफ्यावर गुणगुणत होता, मला बघून गप्प झाला. ते जास्त लागलं.
बायकोने ताट वाढलं. मी मीठ मागितलं नाही. ती म्हणाली, कसं होतं तळं? मी म्हटलं, छान. समोर एक कुटुंब होतं. चांगली माणसं होती.
ती पोचा पडलेलं झाकण पुसत होती. म्हणाली, असतील. पण त्यांना शेजार फार वाईट मिळाला म्हणे.
जेवण झाल्यावर मी भांडी घासायला घेतली. मेहुण्याने गाणं पुन्हा सुरू केलं.