विळा तापवणाऱ्या हातास

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, तुझ्यावर राग होता म्हणून. आज तो राग माझ्या विद्यार्थ्याच्या गालावर फुटला. आता तुझ्याशी भांडल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. ऐकतेस ना?

मी वडनेर भोलजीला आहे. दर हिवाळ्यात नागपूरहून डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची पोरं घेऊन येतो आणि धर्मशाळेच्या ओसरीवर आमचा दवाखाना मांडतो. पुस्तकातलं लेकरू रडत नाही, लाथा मारत नाही, हे त्यांना कळावं म्हणून! मी शिकवतो, आईच्या मांडीवरून उचलू नका. आधी लांबूनच श्वास बघा. हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करा, नाहीतर ते किंचाळेल आणि छातीतलं काही ऐकू येणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी मी सदरा वर करतो. माझ्या पोटावरचे डाग बघून पोरांची तोंडं उतरतात. ‘हे माझ्या आईचं काम,’ एवढंच मी सांगतो.

लेकराचं पोट उडायला लागलं, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, की आपलं गाव म्हणायचं, डब्बा झाला. मी त्याला न्यूमोनिया म्हणतो. तू त्यावर उपाय म्हणून माझ्या पोटावर तापलेला विळा टेकवलास! मावशी सांगायची, तिने माझे पाय दाबून धरले होते, आणि मी इतका ओरडलो की शेवटी आवाजच फुटेना. कसं जमलं गं तुला?

गोदीच्या लेकराच्या वेळचं आठवतं? मी नुकताच डॉक्टर होऊन वरवट बकालला आलो होतो. बहिणीचं पहिलं लेकरू डब्ब्याने धापा टाकत होतं आणि तू चुलीपाशी विळा घेऊन बसली होतीस. मी तो हिसकावला आणि विहिरीत फेकला. तू माझ्या मुस्काटात अशी दिलीस की ओठ फाटला.

‘‘तू कायनं जगला रे? तुह्या दवाईनं? इळ्यानं जगला तू! तुह्या पहिलेचे दोघं नाई डागले, ते मातीत गेले!’’

लेकराला विळा लागलाच नव्हता. तरी घरात कातडं जळाल्याचा वास होता. मला वाटलं, माझ्याच डोक्यातला असेल.

गोदीचं लेकरू गेलं. तेव्हा माझ्याजवळ न्यूमोनियावरच्या सल्फाच्या गोळ्या नव्हत्या, काहीच नव्हतं. डागलं नाही म्हणून गेलं, असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. त्यानंतर आपण एका चुलीपाशी जेवलो, पण बोललो कधी?

आज सकाळी धामणगाव बढ्याहून एक बैलगाडी आली. नवरा-बायको आणि तान्हं पोरगं. माझा विद्यार्थी पुरोहित पुढे झाला, त्याने फडकं बाजूला केलं. पोटावर ताजे डाग, पाणी सुटलेलं, कडेला काळं पडलेलं. ओठ निळे. मी पलीकडे दुसरं मूल तपासत होतो. मला फक्त फाडकन आवाज आला.

पुरोहितने त्या बाईच्या तोंडात मारली होती. लेकरू मांडीवर असताना!

नवऱ्याने त्याचं नरडं धरून डोकं खांबावर आपटलं. रक्ताची धार लागली. बाया ओरडत लेकरं कवटाळून पळाल्या. कुणीतरी गाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली. मी मधे घुसलो, दोघांना वेगळं केलं आणि पुरोहितच्या कानाखाली जाळ काढला. ‘‘बाईवर हात टाकायला कुणी शिकवलं तुला?’’

तो रक्त पुसत म्हणाला, ‘‘तुम्हीच, सर. सदरा वर करता तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो, ते कधी बघितलंत?’’

तोवर नवरा बैल जुंपत होता. ‘‘चाल वो! उचल लेकरू! मराचं असन तं घरी मरन!’’

माय, गाडी हलली असती तर ते पोर वाटेतच संपलं असतं. गोळ्या माझ्या खिशात होत्या! मी जोखडाला धरून उभा राहिलो. उभारी माझ्या खांद्यावर बसली. मी सदरा वर केला आणि आपल्या बोलीत ओरडलो, ‘‘हे पाह्य बे! मी बी डागेल लेकरू हावो! वरवट बकालचा हावो मी!’’

उभारी खाली आली. ती बाई पोराला घेऊन जवळ आली, माझं पोट बघत राहिली. गालावर बोटं उमटलेली होती.

‘‘मंग तुमच्या मायच्या हातावर बी असनच.’’

‘‘काय असन?’’

तिने बांगड्या वर सारल्या. कोपराखाली आतल्या बाजूला ताजे डाग. पोराच्या पोटावर होते तसेच, तितकेच. ‘‘पहिले आपल्या हाताले लावा लागते, साहेब. आपल्याले जितकं सहन होते, तितकंच लेकराले.’’

माय! तुझा डावा हात! लहानपणी मी विचारलं होतं, तर तू म्हणालीस, तव्याचा चटका हाय. तवा असा ओळीने चटके देतो का? पोरांना नीट बघायला शिकवणारा मी, मला ते कधी दिसलं नाही. आणि गोदीच्या लेकराच्या वेळचा घरातला तो वास... विळा मी हिसकावला, तेव्हा तू स्वतःला भाजून घेऊन बसली होतीस ना? मग सांगितलं का नाहीस? मला मारलंस, पण हात दाखवला नाहीस!

म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, हे लक्षात ठेव. डागल्याने डब्बा जात नाही. हे मी मरेपर्यंत ओरडून सांगणार.

आता दिवस कलतोय. गोळी कुटून आईच्या दुधातून दिली, पोटात राहिली. श्वास अजून जोरात आहे, पण ओठांचा निळेपणा थोडा कमी झालाय. नवऱ्याने बैल सोडलेत. पुरोहित डोक्याला पट्टी बांधून त्या बाईसमोर बसला आणि तिच्या पाया पडला. तिने लेकरू त्याच्या पुढ्यात धरलं. तो आधी तळवे चोळत बसला.

तिच्या हाताला मलम मी लावलं. तुझ्या हाताला कुणी लावलं होतं गं?

आता माझा शब्द ऐक. विळा दिसला की मी तो विहिरीत फेकणारच, त्यात बदल नाही. सदराही वर करीन. पण यापुढे माझ्या हाताखालचा एकही विद्यार्थी आधी आईचा हात उलटा करून बघितल्याशिवाय लेकराच्या पोटाला हात लावणार नाही.

तुझा डागलेला पोरगा,
गणपत