खुर्ची आत नेली तर

३ मार्च
धाकटीने आज गल्ली गोळा केली. ठरलं ते एवढंच — रोज संध्याकाळी प्रत्येक घराने एक खुर्ची बाहेर काढायची आणि अंधार पडेपर्यंत बसायचं. बोळात गर्दच्या पुड्या विकणाऱ्यांना काही बोलायचं नाही. माणसं बसलेली दिसली की पुड्या घ्यायला गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणे.

"लोक निर्धास्त झाले तर माझी कुलपं कोण घेणार?" कुलूपवाला म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

खूणही ठरली. धोका दिसला तर ओरडायचं नाही. आपली खुर्ची उचलून आत जायचं. ते पाहून सगळ्यांनी आत.

"ताई, तू नुसती बस. बसायला काय धाडस लागतं?" धाकटी म्हणाली.

लागतं!

४ मार्च
बसले. मांडीवर काजं-बटणं. सुई सारखी बोटात घुसते.

९ मार्च
गिऱ्हाईक खरंच कमी झालंय. समोरच्या आजी भाजी निवडायला बाहेर येतात.

दुपारी लांब्या — बोळातल्यांचा म्होरक्या — माझ्या खिडकीशी थांबला. "मावशी, तुमची बहीण फार उड्या मारते. समजवा तिला." आवाज अगदी गोड. शिलाई मशीनवरचा पाय हलेना.

धाकटीला सांगितलं नाही.

१४ मार्च
काय करून बसले मी!

धाकटी बोळात भिंत रंगवत होती, पाठ गल्लीकडे. माझ्या खुर्चीचा पाय डगडगत होता. घट्ट करावा म्हणून ती उचलून आत नेली. पाना शोधला. बाहेर येते तो गल्ली रिकामी. दारं बंद. एकही खुर्ची नाही.

बोळात धाकटी एकटी. भोवती ते.

उंबऱ्यातच उभी राहिले, हातात पाना घेऊन.

त्यांनी तिला हात लावला नाही. रंगाचा डबा तिच्या पायांवर ओतला. मग लांब्याने रिकाम्या गल्लीकडे पाहिलं. मग माझ्या दारापुढच्या मोकळ्या जागेकडे. आणि हसला.

त्याला खूण कळली.

१५ मार्च
धाकटीच्या पायांचा रंग रॉकेलने काढला. कुणी रागावलं नाही. "खुर्चीचा पाय दुखला आणि पळालो आपण!" — कुलूपवाला. त्यांचं हसणंच जड जातंय.

खूण बदला, एवढं सांगायचं होतं. पण मग खिडकीशी झालेलं बोलणंही सांगावं लागलं असतं. उरलेली भिंत धाकटी उद्या रंगवणार.

१६ मार्च
"उठा, मावशी," लांब्या म्हणाला. उठले. त्याने माझी खुर्ची उचलली आणि माझ्याच घरात नेऊन ठेवली.

गल्ली अर्धी उठली. कुलूपवाल्याने खुर्ची उचललीसुद्धा. बोळात धाकटी, पाठ इकडे.

मी खाली बसले. जमिनीवर. बटण लावायला घेतलं.

कुलूपवाल्याची खुर्ची परत टेकली. मग आजींची.