सावली पुसण्याचा अर्ज

अण्णा, तुमची सावली पुसायची परवानगी मागणारा अर्ज गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर आला. द्राक्ष बागायतदारांच्या ज्या संस्थेसाठी तुम्ही जन्मभर फोटो काढलेत, तिथेच मी आता बसते. संस्थेचे फोटो, पुस्तिका, बोधचिन्ह बाहेरच्यांनी कसं वापरायचं ते मी पाहते. नियम निम्मे मीच लिहिलेत. फोटोखाली संस्थेचं नाव हवं, बोधचिन्ह खासगी कामाला वापरायचं नाही, आणि लेखी परवानगीशिवाय फोटोत काडीचाही फेरफार करायचा नाही. तुमच्या फोटोंखाली तुमचं नाव कुठेच नाही. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचात, म्हणून तळाशी सावली तेवढी आहे. टोपी घातलेलं डोकं आणि कॅमेरा धरलेल्या हाताचा वर उचललेला कोपर. घरच्या भिंतीवर ओळखपत्रावरून मोठा केलेला तुमचा चेहरा आहे, पण तो कुणा परक्याचा वाटतो. सावली मात्र हुबेहूब तुम्ही.

पाचवीत असताना मी तुमच्या पिशवीतला एक फोटो वहीत चिकटवला होता, सावलीचा भाग कातरीने कापून. तुम्ही आवाज चढवला नाहीत. 'फोटो आपला नाही, संस्थेचा आहे. विचारून घ्यायचा,' एवढंच म्हणालात आणि सायकलवर बसवून मला संस्थेच्या तेव्हाच्या साहेबांपुढे नेलंत. अजून डोळ्यांपुढे आहे: मी हुंदके देत अर्ज लिहिते आहे, तुम्ही मागे उभे आहात, तुमची सावली कागदावर पडली आहे आणि मला माझीच अक्षरं दिसत नाहीयेत. बाजूला व्हा म्हणायची माझी छाती होत नाही. कापलेल्या तुकड्याबद्दल तुम्ही पुढे कधीच बोलला नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

अर्ज घेऊन आलेला माणूस दिंडोरीकडचा. छाटणीवरच्या आपल्या जुन्या पुस्तिकेत त्याच्या आईचा फोटो आहे. हातात कात्री घेऊन ती वेलीखाली बसली आहे, पायाशी तुमची सावली आहे आणि ती खाली त्या सावलीकडेच बघून हसते आहे. 'मॅडम, आईचा एवढा एकच फोटो हाय,' तो म्हणाला. 'वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर छापायचाय, मग भिंतीवर लावायचा. पण पोरं जवळ जात नाय. म्हणत्यात, आजीच्या पायाशी कोणतरी निजलंय. तेवढं काढून द्या. आन् वर तुमचं घडाचं चिन्हबी टाकतो, शोभंल.' चिन्ह मिळणार नाही म्हटल्यावर त्याने लगेच मान डोलावली. सावलीचं मात्र तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आमचे साहेब म्हणाले, 'तुमच्याच वडिलांचा फोटो आहे, तुम्हीच ठरवा.' मी ठरवलं होतं. नियम माझ्या बाजूने होता आणि नकाराचं पत्र टाइप करून तयार होतं.

आज दुपारी आमच्या कॉम्प्युटरवालीने नमुना म्हणून सावली काढलेला फोटो आणून ठेवला. दोन मिनिटांचं काम, म्हणाली. सावलीच्या जागी स्वच्छ माती होती. फोटोतली बाई अजून तिथेच बघून हसत होती, आणि तिथे कुणी नव्हतं. मी बराच वेळ बघत बसले. ऊन उतरून माझ्या पाठीमागच्या खिडकीतून आत आलं आणि माझी सावली फोटोवर पडली, नेमकी त्या मातीवर. डोकं जरा रुंद वाटलं. मग दिसलं की कोपर वर उचललेला आहे. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी तशीच बसून राहिले. कोपर खाली आला नाही.

मी नकाराचं पत्र फाडलं आणि परवानगीवर सही केली. नातवंडांना त्यांची आजी मिळावी म्हणून दिली, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांना ते आवडलं. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. अण्णा, इतकी वर्षं मी म्हणत आले की तुम्ही एकदा तरी दिसावं. आज दिसलात, आणि मला तुमची भीती वाटली.