गूसबेरीखालची बशी

शुक्रवार, ३१ जुलै १९८७

दोन दिवस हॉस्पिटलात ऑन-कॉल होतो. घरी येऊन बागेत बघतो तर गूसबेरीखालची बशी भरलेली! मंगळवारच्या शोसाठी, म्हणजे सगळ्यांत मोठ्या गूसबेरीच्या स्पर्धेसाठी, झाडावर राखलेलं हे एकच फळ, कोंबडीच्या अंड्याएवढं. त्याचं टोक पाण्याला जेमतेम टेकलं की ते पाणी पिऊन फुगतं. पण या उन्हात बशी कोरडी पडायला हवी होती. मग भरली कोणी?

शेजारच्या रॉनशिवाय कोण! शोचा कप दरवर्षी त्याचाच. बशीची युक्तीही त्यानेच शिकवली मला. पाण्यात काही घातलं तर नसेल? वास घेतला, काही कळेना. शेवटी बशी ओतूनच टाकली आणि फाटकाला कुलूप लावलं. कुंपणापलीकडून त्याने "ऑल राइट, डॉक्टर?" विचारलं. मी सरळ पाठ फिरवली.

जेवताना सुमाला सांगितलं, तर ती वाढता वाढता थांबली.

"अहो, मीच बोलावलं त्याला. मला ते नेमकं पाणी घालायला जमेना. चमच्याचमच्याने घालत होता हो. त्याची स्वतःची शोसाठी राखलेली गूसबेरी काल दुपारी तडकली, तरी संध्याकाळी आला."

कुलूप काढून आलोय. बशी अजून कोरडीच आहे. चमचा कुठला वापरतो, एवढंच विचारायला जावं का त्याच्याकडे?