रावसाहेबांची सकाळची फेरी

ता. ३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

मी आणि माझं शिवणयंत्र खुशाल आहोत. रावसाहेबांचं मात्र विचारू नकोस. कंबरेचं हाड मोडून तू लेकीकडे शहरात गेलास आणि जाताना पावाच्या गाडीचा तुझा घोडा माझ्या पदरात टाकलास. तेव्हापासून उजाडलं की स्वारी कुरणातून पसार! आधी त्यांनी फाटकाची कडी ओठांनी उचलली. मी दोरी बांधली, ती चावून तोडली. सुताराकडून आडवी फळी ठोकून घेतली, तर कुंपणाचा मोडका कोपरा शोधून तिथून बाहेर. आणि मी गळ्यात टेप, पायात एकच चप्पल, अशी गावभर त्यांच्या मागे.

काल मास्तरीणबाईंच्या बागेत फुलांचा फडशा पाडताना सापडले. पालिकेचा माणूस बजावून गेलाय की पुन्हा मोकळे दिसले तर थेट कोंडवाडा. वीटभट्टीवाला येता-जाता त्यांचे दात बघतो आणि विकता का, म्हणून विचारतो. माझा जीव होत नाही, पण आता अक्कलही चालत नाही. काय करू ते लवकर लिही.

लोभ आहेच, तो रावसाहेबांच्या भुकेसारखा वाढत राहो.

तुझी,
धाकटी


ता. ८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझी काळजी नको. गच्चीवर फेऱ्या मारतो, डॉक्टर तोंडात बोट घालतात. वीटभट्टीवाल्याला सांग, घोड्याचे दात बघण्याआधी माझे बघून जा, अजून चावता येतं.

उभ्या जन्मात एवढी काजं केलीस आणि एक कडी तुला धड लावता येत नाही? आता त्याला अडवूच नकोस. गळ्यात दोर घाल, टोक तुझ्या हातात ठेव आणि मुकाट मागे जा. जातो कुठे ते तरी कळू दे.

माया आहेच, ती लिहून दाखवायला हवी का?

तुझा,
दादा


ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या नकळत लिहितेय. तुला लिहिलेलं पत्र त्यांनी मला ऐटीत वाचून दाखवलं. त्यातलं गच्चीचं काही खरं नाही गं. आले तसे खाटेवर आहेत. हाड जुळलंय, डॉक्टर उठा म्हणतात, पण व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या की हे भिंतीकडे तोंड करतात. गाडी सुटली, आता चालून जायचंय तरी कुठे, असं म्हणतात.

तुझं पत्र आलं तेव्हा मात्र उठून बसले. फुलांचं वाचून एवढे हसले, की शेजारीण डोकावून गेली. मी तुला घोडा विकून टाक असं लिहिणार होते. आता म्हणते, थांब. आणि त्यांना लिहीत राहा, भरपूर लिही.

तुझ्या मायेची सवय झालीय, ती मोडू नकोस.

तुझी,
भाची


ता. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. रावसाहेब फाटकातून निघाले ते थेट बेकरीच्या मागच्या दाराशी, आणि तिथे मान खाली घालून उभे. बेकरीवाला म्हणाला की टोपल्या भरेपर्यंत ते रोज असेच उभे राहायचे. मग चालू लागले. न्हाव्याच्या दुकानाशी थांबले, नर्सबाईंच्या पायरीशी थांबले, मास्तरीणबाईंच्या फाटकाशी थांबले. प्रत्येक दारी पाव उतरवायला लागेल तेवढंच. दादा, तो पळून जात नाही रे, तो कामावर जातो!

मग काय, काढली गाडी बाहेर. पहिल्या दिवशी पट्टे उलटे बांधले. बेकरीवाला पोट धरधरून हसला आणि नीट बांधून दिले. आता रोज सकाळी पाव मीच पोचवते. काम झालं की स्वारी दिवसभर गुमान चरते, फाटक नुसतं लोटलेलं असतं. पालिकेच्या माणसानेही आपल्याकडेच पाव लावलाय.

तुझी गाडी जुनाट दिसत होती, म्हणून पिवळीधमक रंगवली. तुझी बसायची गादी उसवून रावसाहेबांना झालर शिवली. लगाम दोन्ही हातांनी गच्च ओढून धरते, बरोबर ना? तू मुळीच घाई करू नकोस. आरामात पडून राहा, गाडीचं मी बघते.

लोभ वाढावा, रंगवण्याचं माझं वेड मात्र आपोआप वाढतंच आहे.

तुझी,
धाकटी


ता. २५ मार्च

धाकटे,

आशीर्वाद मागाहून. पिवळी? माझी गाडी पिवळी? आणि गादी उसवलीस? लगाम गच्च ओढलास तर त्याचं तोंड सोलून निघेल. ढिला धर, अगदी ढिला! उताराला उजव्या पायाजवळचा दांडा दाबायचा.

व्यायामवाल्या बाईंना आज मीच बोलावून घेतलं. त्या दमल्या, मी नाही. जिना उतरता आला की पहिल्या बसने निघतो. तोवर ब्रशला हात लावशील तर याद राख.

लोभ आहे, पण सध्या राग त्याच्या डोक्यावर बसलाय.

दादा


ता. २८ एप्रिल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तू बसमध्ये बसवून दिलेला दादा सुखरूप पोचला. घरात पाऊल न टाकता काठी टेकत आधी गाडीकडे गेला. रंग जुनाच, गादी जागच्या जागी. माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं की दुकानात पिवळा रंग संपला होता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. मला लबाड म्हणाला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. त्याचा आवाज ऐकून रावसाहेब कुरणाच्या टोकापासून धावत आले आणि नाक सरळ त्याच्या खिशात खुपसलं.

आज सकाळी तो फेरीला आला. गाडीवर चढताना मला हात लावू दिला नाही. इतके दिवस मी मुकाट्याने दारं वाजवायची. दादाने पहिल्याच वळणावर अशी आरोळी ठोकली, की गल्लीभर खिडक्या उघडल्या. न्हावी तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आला, आणि त्याच्या मागोमाग गिऱ्हाईकही! जो तो दादाचा हात धरून विचारपूस करत होता. लगाम त्याने धरला, पाव मी उतरवले. आता रोज असंच करायचं ठरलंय.

परतताना टोपल्या रिकाम्या होत्या. दादा बोलता बोलता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मी त्याच्या हातून लगाम हळूच काढून मांडीवर ठेवला, आणि रावसाहेबांनी आम्हा दोघांना घरी आणलं.

तूही ये. गाडीवर दाटीवाटीने तिघं मावतात, आणि मायेला तर जागाच लागत नाही.

तुझी,
आत्या