मक्याचं पेट्रोल आणि कबरींमधलं गवत

चि. मार्लिस हिस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा आहे असं धरून चालते. बरा नसला तरी तू कळवणार नाहीस, आणि मलाही विचारत बसायला वेळ नाही. इकडे मका वीतभर वर आलाय, व्हर्लिनची तब्येत ठणठणीत आहे. बिघडलंय ते गवत कापायचं यंत्र. पत्राचं कारण तेच.

आई गेल्यापासून चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत मी कापते हे तुला ठाऊक आहे. पैसे घेत नाही, आभार मानलेले खपत नाहीत. यंत्रावर बसलं की कोणाला काही मागता येत नाही, एवढाच माझा मोबदला. (मागतात. ऐकू येत नाही.) तर गेल्या आठवड्यात हॅल्वरकाका आणि आई-बाबा यांच्या कबरींमधल्या पट्ट्यात यंत्र दोनदा खोकलं आणि थांबलं. मी आधी रागावले. मग तो आवाज गेल्यावर मागे काय उरलंय ते ऐकू यायला लागलं. गवत पोटरीच्या वर गेलेलं, त्यावरून वारा अगदी सावकाश, कोणीतरी चादर झटकावी तसा जात होता. पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या चढत होत्या. दगडांचे पाय गवतात बुडाल्यामुळे ते सगळे हलकेच पुढे सरकताहेत असं वाटत होतं. दिवसाउजेडी कधी पाठ न टेकणारी मी, स्टिअरिंगच्या चाकावर हनुवटी ठेवून बसून राहिले. कुंपणापलीकडे आई कपडे वाळत घालतेय, आणि तिला अजून पुष्कळ कपडे घालायचे आहेत, असं काहीतरी मनात चाललं होतं. तेवढ्यात आमच्या पाद्रीबाई आल्या. "आर्डिस, बरं वाटत नाहीये का?"

"यंत्राला वाटत नाहीये," मी म्हटलं.

दुखणं साधं आहे. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. (कॉलेजात शिकलेलं रसायनशास्त्र इतक्या वर्षांनी प्रथमच उपयोगी पडलं.) रोज पळणाऱ्या गाडीला त्याचं काही होत नाही. पण यंत्र बिचारं हिवाळाभर झोपतं. व्हर्लिनने ते टाकी भरलेली ठेवूनच शेडमध्ये लोटलं होतं. पाणी आणि इथेनॉल तळाशी बसलं, रबरी नळी लिबलिबीत झाली, कार्ब्युरेटरमध्ये हिरवट चिकटा साचला. उपाय म्हणजे नळी बदलायची, चिकटा धुवायचा आणि इथेनॉल नसलेलं पेट्रोल घालायचं. पण व्हर्लिन, म्हणजे आमचा नवरा, पडला इथेनॉलच्या कारखान्याचा संचालक!

"मक्याला बोल लावू नकोस, आर्डिस. यंत्र म्हातारं झालंय."

"तुझ्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे ते."

"मक्यावर आपण जेवतो. ते दुसरं पेट्रोल माझ्या आवारात येणार नाही."

गावात ते मिळतं, पण पंप नेमका सोसायटीच्या दुकानासमोर आहे आणि दुकानाच्या मोठ्या खिडकीत निवृत्त शेतकरी सकाळपासून कॉफी घेऊन बसलेले असतात. बायकोला सोडून गेलेल्या माणसाला आमच्या गावात क्षमा आहे, त्या पंपावर डबा भरणाऱ्या संचालकाच्या बायकोला नाही.

इकडे सोमवारी सगळा गाव फुलं घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर येणार. दफनभूमी समितीचा रोलंड काल कुंपणावर रेलून म्हणाला, "यंदापासून ठेकेदाराला देऊन टाकू या ना, आर्डिस. तुलाही विसावा." मला विसावा नको आहे. म्हणजे हवा आहे, पण तो त्या यंत्रावरच मिळतो, हे रोलंडला कसं सांगणार? "रविवारपर्यंत गवत कापलेलं दिसलं नाही तर दे," म्हणून मोकळी झाले. तेव्हा तू शनिवारच्या आत तुमच्याकडचं बिनइथेनॉलचं पेट्रोल दोन डबे घेऊन ये. वर रजई टाक. व्हर्लिनने विचारलं तर बटाट्याची कोशिंबीर आहे म्हण.

तुझी,
आर्डिस

ता. क. डबे आणू नकोस. पत्र पेटीत टाकायच्या आधी नळी शोधायला शेडमध्ये गेले, तर बियाण्याच्या पोत्यांमागे, जुन्या कोटाखाली एक भरलेला डबा सापडला. वर व्हर्लिनच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'होडीसाठी. इथेनॉल नाही.' मी कार्ब्युरेटर दात घासायच्या ब्रशने (त्याच्या) धुतला, नळी बदलली, ते पेट्रोल टाकीत ओतलं आणि आज दुपारी सगळं गवत कापलं. मधला पट्टा शेवटी ठेवला होता, फार हळू कापला. रोलंड येऊन बघून गेला, ठेकेदाराचं नावही काढलं नाही.

ता. क. २. डबा रिकामा ठेवणं बरं दिसेना, म्हणून यंत्रातून काढलेलं हिवाळ्याचं पेट्रोल त्यात भरून ठेवलं आहे. पुढच्या शनिवारी व्हर्लिन तुमच्या तळ्यावर मासे धरायला येतोय. त्याच्या होडीत वल्ही नसतात, तेव्हा तुझी होडी वल्ह्यांसकट तयार ठेव, आणि निघताना त्याला लाइफ जॅकेट घालायला लाव. तळ्याच्या मध्यावर इंजिन थांबलेलं तुला ओट्यावरून दिसेलच. लगेच धावू नकोस. आधी कॉफी संपव, मग हवी तर आणखी एक कप घे. मक्याला तो काय बोल लावतो ते मात्र नीट ऐकून मला कळव.